दिव्याआधी गटार

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

परिचारिका दिनानिमित्त काल आपल्या पुरवणीत फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्यावरचा लेख वाचला. त्यांना अर्धं पान दिलंत, याबद्दल आभार. पण ‘त्या आल्या आणि मृत्यू बेचाळीस टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आले’ हे वाक्य छापण्याआधी कुणीतरी तारखा जुळवून पाहायला हव्या होत्या.

क्रिमियाच्या युद्धात नाइटिंगेल ३८ परिचारिकांना घेऊन इस्तंबूलजवळच्या स्कुटारीला, बराकीत थाटलेल्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयात पोचल्या त्या ४ नोव्हेंबर १८५४ रोजी. बेचाळीस टक्क्यांचा आकडा आहे फेब्रुवारी १८५५चा, म्हणजे त्यानंतर तीन महिन्यांनंतरचा. तोवर फरश्या घासल्या जात होत्या, कपडे धुण्याची सोय झाली होती, आजाऱ्यांसाठी वेगळं अन्न शिजत होतं. तरी माणसं पूर्वीपेक्षा जास्त मरत होती, कारण दोष बराकीच्या इमारतीखाली होता. मैलावाहिन्या तुंबलेल्या, शौचकूप भरून वाहणारे, आणि त्यातली घाण हवा नळांतून उलटी वॉर्डात येणारी. मार्चमध्ये सदरलंड, रॉलिन्सन आणि गेव्हिन यांचा स्वच्छता आयोग आला. त्यांनी गटारं धुऊन काढली, पाणी येण्याच्या मार्गात सडत पडलेला घोडा बाहेर काढला, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. जूनमधले दोन टक्के हे त्यानंतरचे आहेत.

यात नाइटिंगेल यांचा कमीपणा नाही. युद्ध संपल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांना सोबत घेऊन त्यांनी स्वतःच हे आकडे मांडले आणि जिथे आपण राबलो त्याच रुग्णालयाची दुरवस्था सरकारपुढे ठेवली. एवढं धैर्य दाखवणाऱ्या बाईला आपण फक्त मायाळू ठरवून मोकळे होतो, याचं मला वाईट वाटतं.

त्यांचा प्रसिद्ध आलेखही, दर महिन्याला एक पाकळी असलेला वर्तुळाकार, आपण नव्याने काढून छापलात, तोही चुकीचा. जानेवारी १८५५मध्ये टाळता येण्याजोग्या रोगांनी २,७६१ सैनिक मेले, जखमांनी ८३. म्हणजे साधारण तेहतीसपट. मूळ आलेखात पाकळीचं क्षेत्रफळ मृत्यूंच्या प्रमाणात आहे, म्हणून त्रिज्या वर्गमुळाच्या प्रमाणात, जेमतेम पावणेसहापट. आपल्या चित्रकाराने त्रिज्याच तेहतीसपट केली, त्यामुळे क्षेत्रफळ अकराशेपट झालं! प्रत्येक रंगाची पाकळी मध्यबिंदूपासून मोजायची असते, एकीवर दुसरी रचायची नसते, हेही सुटलं. शिवाय मूळ तक्त्यात पहिल्या वर्षाचं वर्तुळ उजवीकडे आणि दुसऱ्या वर्षाचं डावीकडे आहे. आपण मथळे डावीकडून लावल्यामुळे मृत्यू कमी होण्याऐवजी वाढताना दिसतात. आणि ‘दर हजारी १,०२२ मृत्यू’ ही छपाईची चूक नाही, पण खुलासा हवाच होता. त्या जानेवारीतले रोगांनी झालेले मृत्यू बाराने गुणून काढलेला तो वार्षिक दर आहे. ३२,३९३ सैनिकांचं ते सैन्य त्या गतीने मरत राहिलं असतं, आणि मरणाऱ्यांच्या जागी नवी भरती झाली नसती, तर वर्षाच्या आत संपलं असतं. एवढं लिहिलं असतं तर शाळकरी पोरालाही कळलं असतं.

चित्रातला दिवाही चुकला आहे. अल्लादीनच्या दिव्यासारखा चोचीचा दिवा त्यांच्या हातात कधीच नव्हता. तो घडीचा तुर्की कंदील होता, भात्यासारखा मिटणारा, आत मेणबत्ती लावायचा.

आणखी एक. ‘त्यांनी भारतात येऊन सेवा केली’ असं लेखात आहे. त्या भारतात कधीही आल्या नाहीत. लंडनमध्ये बसून त्यांनी इथल्या लष्करी छावण्यांना प्रश्नावल्या धाडल्या, पाणी कुठून येतं, मैला कुठे जातो हे विचारलं, आणि गोऱ्या सैनिकांचा दर हजारी ६९ हा मृत्युदर १८६३च्या अहवालातून संसदेपुढे आला. पुढे खेड्यांच्या स्वच्छतेबाबत त्यांचा पत्रव्यवहार झाला तो आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशी. पुण्याच्या वाचकांसाठी लिहिलेल्या अर्ध्या पानात याची एक ओळही नाही.

आलेखाची दुरुस्ती येत्या पुरवणीत, त्याच आकारात छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे