तुझ्या मापाची खुर्ची

वेंगुर्ले,
पौष महिना

चि. बाय हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात तू फोनवर म्हणालीस, "बाबा, मला अशी खुर्ची करून द्या की तिच्यात बसल्यावर मला वाकताच येऊ नये." तुझ्या आवाजातली वेदना ऐकून मी लगेच होकार दिला आणि त्याच संध्याकाळी मागच्या पडवीतल्या फणसाच्या फळ्या उजेडात काढून ठेवल्या. परंतु नंतरचे सात-आठ दिवस मी या विषयावर जे मिळेल ते वाचले, कागदावर चार-पाच आराखडे केले आणि माझ्या ध्यानात आले की तू मागितलेली खुर्ची मी तुला देऊ नये. तुला बांधून ठेवणारी नव्हे, तर तुला हलू देणारी खुर्ची मी करणार आहे. तसे का, हे तुला सविस्तर लिहितो. कारण तुझ्याकडून आलेल्या मापांवाचून हे काम पुढे सरकणार नाही आणि माप कशासाठी घ्यायचे हे कळले तरच ते नीट घेतले जाते.

आपल्या पाठीच्या मणक्यांमध्ये 23 चकत्या असतात. मोठ्या माणसाच्या या चकत्यांमध्ये रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. त्यांना लागणारे पाणी आणि पोषण शेजारच्या हाडांतून झिरपत येते आणि चकतीवरचा भार कमी-जास्त होत राहिला तर ही देवाणघेवाण चांगली चालते. रात्री आडवे झालो की चकत्या पाणी धरतात, दिवसभराच्या भाराने त्यातले थोडे निघून जाते. आपल्या खाडीला जशी भरती-ओहोटी, तसाच हा प्रकार आहे. मी खात्री करून पाहण्यासाठी सकाळी उठल्याबरोबर आणि रात्री निजण्यापूर्वी माजघराच्या चौकटीला पाठ लावून आईकडून पेन्सिलीने खुणा करून घेतल्या. दोन्ही खुणांमध्ये एक सें.मी.चे अंतर भरले. चाळीस वर्षे लाकडाचे फुगणे आणि आटणे मोजणाऱ्या मला आपले शरीरही रोज असे फुगते आणि आटते हे ठाऊक नव्हते. ज्या आसनात पाठीला इकडून तिकडे होताच येत नाही, ते कितीही सरळ असले तरी ही भरती-ओहोटी मंदावणारच.

तुझ्या आजीचे उदाहरण घे. ती दिवसभरात पाटावर बसे, विळीपुढे एक गुडघा उभा करून बसे, चुलीपुढे उकिडवी बसे, उठून विहिरीवर जाई, खळ्यात वाळवण फिरवी. तिला खुर्ची ठाऊक नव्हती, आणि सत्तराव्या वर्षीही ती जमिनीवरून हात न टेकता उठत असे. मात्र तिची पाठ कधीच दुखली नाही असे मी म्हणणार नाही. भाताचा तरवा, म्हणजे रोपे, काढण्याच्या आणि लावणीच्या दिवसांत ती तासन् तास कमरेत वाकून काम करी आणि तेव्हा रात्री तिच्या पाठीला तेल चोळावे लागे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पाठ तीच आणि माणूसही तेच; दुखणे येई ते एकाच ढबीत बराच वेळ अडकून राहिल्याने. तुझी सध्याची नोकरी ही बसून केलेली लावणीच आहे.

आता काटकोनात बसण्याबद्दल. आम्हाला शाळेत आणि पुढे प्रशिक्षणातही हेच शिकवले गेले की कंबर काटकोनात, गुडघे काटकोनात आणि पाठ ओळंब्यात असावी, आणि त्याप्रमाणे मी शेकडो बाके व खुर्च्या केल्या. परंतु 1953 मध्ये अमेरिकेतील शल्यचिकित्सक जे. जे. कीगन यांनी निरनिराळ्या ढबींतील माणसांची क्षकिरण चित्रे घेऊन दाखवले की मांडी आणि धड यांच्यातला कोन सुमारे 135 अंश असताना कमरेचा नैसर्गिक बाक टिकून राहतो आणि काटकोनात तो बराचसा सपाट होतो. मांडीच्या मागच्या स्नायूंचा ताण ओटीपोटाच्या हाडाला मागे लोळवतो आणि त्यापाठोपाठ कंबर गोल होते. म्हणजे तू थकून पोक काढतेस, तेव्हा त्यात तुझा आळस नसतो. काटकोनी बैठकीने तुला तिथे ढकललेले असते.

याच वाचनात डेन्मार्कचे शल्यचिकित्सक ए. सी. मांडल यांचा विचार वाचला आणि मी बराच वेळ कागद खाली ठेवून बसलो. मुले लिहिताना खुर्चीचे मागचे पाय उचलून पुढच्या दोन पायांवर झुकतात, हे त्यांनी बारकाईने पाहिले आणि त्यावरून बैठक पुढच्या बाजूला उतरती असावी असे ते मांडू लागले. मुले झुकतात ती खोडकरपणाने नव्हे, तर मांडी खाली उतरून कंबरेला मोकळेपणा मिळावा म्हणून. बाय, तू सातवी-आठवीत असताना अगदी अशीच खुर्ची झुकवून गणिते सोडवायचीस आणि खुर्चीचे सांधे ढिले होतात म्हणून मी तुला दर वेळी रागवायचो. तुझ्या शरीराला जे कळत होते ते मला सुतार असून कळले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. या नव्या खुर्चीत ती चूक मी दुरुस्त करणार आहे.

बैठकीची खोली 41 सें.मी. धरली आहे. तिचा मागचा भाग जवळजवळ सपाट राहील आणि पुढचा सुमारे एक तृतीयांश भाग हळूहळू खाली उतरेल, कड पूर्ण गोल केलेली असेल. लिहिताना किंवा टंकताना तू पुढे सरकून त्या उतारावर बसशील, तेव्हा गुडघे कमरेच्या खाली जातील. वाचताना किंवा फोनवर बोलताना मागे सरकून पाठ टेकशील. एकाच खुर्चीत या दोन जागा असणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. बैठक फळीची न करता वेताने विणून घेणार आहे, कारण वेत थोडा दबतो, वारा खेळू देतो आणि बसण्याच्या हाडांखाली टोचत नाही. ओला वेत विणला की वाळताना ताणला जातो, म्हणून विणकाम कोरड्या दिवसांतच उरकले पाहिजे.

पाठीच्या टेकणीबद्दल मी सर्वांत जास्त विचार केला. स्वीडनचे डॉक्टर बेंग्त ऑकरब्लोम यांनी 1948 मध्येच दाखवून दिले होते की आधार कमरेला हवा. त्यामुळे बैठकीच्या वर सुमारे 13 सें.मी. जागा मी पूर्ण मोकळी सोडणार आहे, म्हणजे नितंब मागे जाऊ शकतील आणि कमरेपर्यंत टेकण पोहोचेल. त्याच्या वर एक आडवी, किंचित फुगीर फळी येईल. ती खिळ्यांनी ठोकून पक्की न करता दोन्ही टोकांना लाकडी खुंट्यांवर बसवीन, म्हणजे तू पुढे-मागे झालीस की तीही तुझ्याबरोबर थोडी फिरेल. खुंट्यांसाठी 18 आणि 22 सें.मी. अशा दोन उंचींवर भोके ठेवतो. कोणती बरोबर बसते ते तुझी कंबर ठरवील. टेकणीचा एकूण कल बैठकीशी सुमारे 105 अंश राहील.

मागे रेलून बसण्याचा अपराध वाटू देऊ नकोस. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील एका प्रयोगात स्वयंसेवकाच्या कमरेच्या चकतीत प्रत्यक्ष दाबमापक बसवला होता. उभे असताना दाब 0.50 मेगापास्कल होता, टेकण न घेता बसल्यावर 0.46, आणि खुर्चीत सैल रेलून बसल्यावर केवळ 0.27. ही एका माणसाची मापे आहेत, म्हणून त्यांच्यावर सगळी इमारत उभी करू नये. पण "ताठ बस, टेकू नकोस" या आपल्या घरातल्या जुन्या आज्ञेचा आधार त्यांनी नक्कीच डळमळतो.

उंचीचा प्रश्न साधा आहे, तरी बहुतेक खुर्च्या तिथेच चुकतात. बाजारातली खुर्ची साधारण 45 सें.मी. उंच असते. तुझी उंची आईएवढी, आणि आईच्या गुडघ्यामागच्या खळगीची उंची अनवाणी 39 सें.मी. भरली. म्हणजे तुझ्या टाचा अधांतरी राहत असणार आणि बैठकीची कड मांडीच्या खालच्या बाजूला रुतत असणार. आपली बैठक सर्वांत उंच ठिकाणी 40 आणि पुढच्या कडेला 37 सें.मी. ठेवतो. पण खुर्ची कमी केली की 75 सें.मी.चे टेबल तुला फार उंच होईल. बसल्यावर तुझे कोपर जमिनीपासून 62-63 सें.मी.वर येईल आणि खांदे दिवसभर वर उचलून ठेवावे लागतील. म्हणून टेबलाचे पाय कापण्याची तयारी ठेव. टेबल घरमालकाचे असेल तर कापू नकोस, मी कळफलकासाठी वेगळी खालची फळी करून देईन. पडदा मात्र डोळ्यांच्या पातळीला हवा, म्हणून लॅपटॉप उंच ठेवून कळफलक वेगळा घे.

लाकूड आपल्या परसातल्याच फणसाचे आहे. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात पडलेला तो फणस मी तेव्हाच फाडून घेतला होता. त्याची एक जाड फांदी मुळातच वाकलेली होती, ती मी न फाडता राखून ठेवली. होडीच्या फासळ्यांसाठी जुने कारागीर अशीच जन्मतः वाकडी लाकडे शोधत, कारण सरळ फळीतून बाक कापला की रेषा मध्येच तुटतात आणि लाकूड तिथेच मोडते. तुझ्या खुर्चीचे मागचे दोन पाय आणि टेकणीच्या उभ्या या फांदीतून एकसंध निघतील. काळजी आहे ती हवेची. इथल्या दमट हवेत जुळवलेला सांधा पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात आटून ढिला पडतो, म्हणून सगळे तुकडे सध्या चुलीवरच्या माळ्यावर सुकत ठेवले आहेत.

आता तुझे काम. एका टणक स्टुलावर अनवाणी बस, तळवे पूर्ण जमिनीला टेकव आणि मैत्रिणीकडून चार मापे घे: जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत, नितंबाच्या मागच्या टोकापासून त्याच खळगीपर्यंत, ज्यातून मी तीन-चार बोटे वजा करीन, स्टुलापासून दुमडलेल्या कोपरापर्यंत, आणि स्टुलापासून कमरेच्या सर्वांत आत गेलेल्या जागेपर्यंत. टेप सैल धरू नकोस आणि प्रत्येक माप दोनदा घे.

खुर्ची कितीही चांगली झाली तरी अर्ध्या तासाने उठून चार पावले चालायचेच आहे. पायात मुंग्या येत असतील किंवा कळ पोटरीपर्यंत उतरत असेल, तर माझ्या खुर्चीची वाट न पाहता आधी डॉक्टरांना दाखव. हे आईने तीनदा लिहायला सांगितले आहे.

शिमग्याला चार दिवस रजा काढून ये. तोवर आंब्याच्या हलक्या लाकडात एक कच्ची खुर्ची जोडून ठेवतो. तिच्यात तू तुझे काम घेऊन निदान दोन तास बसून दाखव, कुठे रुतते, कुठे पोकळ वाटते ते सांग. त्यानंतरच फणसाला करवत लावीन.

तुझा,
बाबा