फोन उचलणारी

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

रविवारी सांगायचं राहूनच गेलं. बाबा "आवाज येत नाहीये" म्हणत मोबाइल छताकडे धरतात, म्हणून म्हटलं लिहावंच.

परवा सर्जरीत (बाबा, इथे ब्रिटनमध्ये जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, साध्या दवाखान्यालाच सर्जरी म्हणतात, पहिल्या वर्षी ऐकून घाबरला होतात ना, तेच) ऐंशी ओलांडलेल्या एक आजी आल्या होत्या. बीपी घेता घेता एका जुन्या मालिकेवर गाडी आली. १९५७ साली आयटीव्ही या इथल्या वाहिनीवर 'इमर्जन्सी वॉर्ड टेन' सुरू झाली, ऑक्सब्रिज नावाच्या काल्पनिक गावातल्या हॉस्पिटलची. तिच्यातल्या डॉ. ख्रिस अँडरसनला, म्हणजे डेस्मंड कॅरिंग्टन या नटाला, १९६१ मध्ये जनरल प्रॅक्टिसमध्ये बसवून वेगळी मालिका काढली: 'कॉल ऑक्सब्रिज टू थाउजंड'. नाव म्हणजे चक्क फोन नंबर! तेव्हा इथे नंबराआधी एक्स्चेंजचं नाव सांगत. आपण ट्रंक कॉल लावताना आधी गाव सांगायचो, तसंच.

आजींचे वडीलही जीपी. १९४८ साली एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, आली, पेशंटची फी गेली, डॉक्टरला यादीतल्या डोक्यांमागे पैसे मिळू लागले. रात्रीचं बोलावणं मात्र सुटलं नाही. आजी म्हणाल्या, "मालिका डॉक्टरची. आमच्याकडे फोन घ्यायची आई. तिला कोण पगार देतंय!"

आई, पुढच्या पेशंटला हाक मारायचीच राहिली माझी. तू दिसलीस. कणकेचे हात वर धरलेले, रिसीव्हर मनगटांत पकडून खांद्याशी दाबलेला. बाबा व्हिजिटला गेलेले. "बाळ रडतंय ना? मग घाबरू नका, घेऊन या. रडत नसेल तर थांबू नका, गाडी बघा नि थेट तालुक्याला न्या." मग हात पुसून कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने नाव, वाडी, वेळ. ह्याला इथे ट्रायाज म्हणतात. मला जीपी व्हायला जी तीन वर्षं लागली, त्यातली बरीचशी ह्यातच गेली.

मला स्वतःला रात्रीचा फोनच नाही. २००४ पासून जीपींना ती जबाबदारी सोडता येते. लोक १११ या आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावतात. बाबा, तुम्हाला हे पटत नाही, माहीत आहे. पण तुम्ही स्कूटर काढून निघालात की मागे दिवा कोण जागवायचं? तुम्ही कधी विचारलं नाहीत, मीही नाही. शाळेच्या फॉर्मवर 'आईचा व्यवसाय : गृहिणी' हे मीच वळणदार अक्षरात लिहायचे.

ती कॅलेंडरं रद्दीत गेली नसतील तर एका पानाचा फोटो पाठव. शक्यतो पावसाळ्यातलं, दुधाच्या हिशोबात पेशंट मिसळलेले असतात ते.

बाबा, फोटो आईलाच काढू द्या. तुमचं बोट मध्ये येतं.

तुमची,
धाकटी