वहीतले तास

धरमपेठ, नागपूर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. इंग्रजी अडलं तिथे शब्दकोश काढला. परवा तुझी मामी म्हणाली, "मोबाईल पाहण्यावर काय पीएचडी करतात बाप्पा?" मी तिला तुझी पानं वाचून दाखवली. पण एक गोष्ट मनात राहिली, ती फोनवर सांगण्यासारखी नाही.

मुलांचे स्क्रीनचे तास तू मोजणार आहेस. बेटा, तास मी आठ वर्षं मोजले. सीताबर्डीच्या आपल्या सायबर कॅफेत लांब वही असायची: नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. तासाला २५ रुपये. मे महिन्यात तास जवळजवळ दुप्पट व्हायचे, कारण बाहेर ४५ अंश आणि आपल्याकडे कूलर. नुसती वही पाहणाऱ्याला वाटलं असतं, नागपूरच्या पोरांना उन्हाळ्यात इंटरनेटचं वेड लागतं.

शेवटच्या केबिनमध्ये एक मुलगा रोज चार तास बसायचा. बोलताना फार अडखळायचा. किती झाले हे विचारावं लागू नये म्हणून आधीच नोट पुढे करायचा. मला वाटलं, पोरगं वाया चाललं. त्याच्या वडिलांना बोलावून मी वही दाखवली. दुसऱ्या दिवसापासून त्याचं येणं बंद झालं. पुढे त्याचा मित्र म्हणाला, "काका, चॅटवर तो आम्हा सगळ्यांना हसवायचा. तिथे त्याचं अडत नव्हतं ना." ते वाक्य अजून बोचतं. आणि एक जण अर्धाच तास बसायचा, पण मी यायच्या आधी शटरपाशी उभा. त्यापायी कामावर जाणं सोडलं होतं त्याने, घरी मात्र कामावर जातो म्हणून सांगायचा. वहीत तो अगदी नेमस्त दिसतो.

तुझ्याच संदर्भांत किम्बर्ली यंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं वाचलं. १९९६ मध्ये त्यांनी इंटरनेटच्या व्यसनाबद्दल मांडलं ते जुगाराच्या व्यसनाचे निकष हाताशी धरून. आठ प्रश्न, पाचांना 'हो' आलं तर काळजीचं. घरच्यांशी खोटं बोललात का, कमी करायला गेलात आणि जमलं नाही असं झालं का, असे. दिवसाला किती तास, हा आकडा एकाही प्रश्नात नाही. जागतिक आरोग्य संघटनेची नवी रोगसूची २०२२ पासून लागू झाली. तिच्यातल्या गेमिंगच्या विकारातही ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही न थांबणं हेच पाहतात, आणि तेही साधारण वर्षभर टिकलेलं.

सगळ्यात जास्त आवडले ते तिकडचेच संशोधक रॉबर्ट क्राऊट. त्यांनी अभ्यासली अमेरिकेतल्या पिट्सबर्गची ७३ घरं, १६९ माणसं. इंटरनेटचा जास्त वापर करणाऱ्यांचं घरात बोलणं थोडं कमी होतं, एकटेपणा थोडा वाढतो, असं त्यांनी १९९८ मध्ये छापलं. त्याचा केवढा गाजावाजा झाला! पण ते थांबले नाहीत. त्याच माणसांतल्या अनेकांना त्यांनी पुन्हा गाठलं आणि २००२ मध्ये लिहिलं, ते दुष्परिणाम आता बहुतेक ओसरलेत. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाबद्दल हे लिहायला किती बळ लागलं असेल! मी त्या मुलाकडे परत गेलो नाही. मित्राने सांगितल्यावरही नाही.

म्हणून सांगतो, तास मोज, पण शेजारी एक रकाना ठेव: तिथे काय करत होतास, आणि ते नसतं तर कुठे गेला असतास. आणि दोन वर्षांनी त्याच मुलांकडे पुन्हा जा. गाईड म्हणतील वेळ नाही, तरी जा. प्रवासाचा खर्च मी देतो.

वह्या माळ्यावर आहेत. तुला हव्यात ना? दिवाळीत आलीस की काढू. मात्र नावांच्या रकान्यावर कागद चिकटवूनच तुझ्या हातात देईन. एकदा उघडी वही दुसऱ्याच्या हाती दिली होती.

तुझा,
बाबा