काकूंचा साडेसातचा फोन

मुलुंड,
रविवार रात्र

प्रिय सुध्या,

आठ महिने झाले. गणपतीचे फोटो पाठवले म्हणजे बोलणं झालं, असं मीच ठरवून टाकलं होतं. काय शिव्या घालायच्या त्या घालून घे आणि मग पुढे वाच. तब्येत बरी. शुगर आहे तिथेच, गोळी तेवढी वाढली.

काल काकूंकडे गेलो होतो. आता मेट्रो थेट गिरगावात सोडते. साडेसात वाजले तशी काकूंनी मालिका बंद केली, टॅब पुढ्यात घेतला आणि म्हणाल्या, "थांब हं, बाळूशी बोलून घेते."

पाणी पीत होतो, ते नाकात गेलं.

बाळ्याच्या ओंकारनं करून दिलंय, गेलेल्या बापाचा आवाज यंत्रात घालून. टॅबमधून आवाज आला, "आई, जेवलीस का? गोळ्या घेतल्यास?" सुध्या, त्याचाच आवाज रे. तोच घोगरा, वाक्याचा शेवटचा शब्द गिळणारा. क्षणभर विंगेत उभा असल्यासारखं वाटलं मला. (विषय निघालाच आहे तर पुन्हा सांगतो, आयएनटीच्या एकांकिका स्पर्धेत, प्राथमिक फेरीला, वाक्य तू विसरला होतास. बाळ्याचं प्रॉम्प्टिंग शेवटच्या रांगेला ऐकू गेलं ते तुझ्यापायी. इतकी वर्षं माझ्यावर ढकलतोयस.)

आवाज त्याचा, पण बोलणं? बाळ्यानं जन्मात कधी आईला गोळ्यांचं विचारलं? "म्हातारे, गिळलंस का?" म्हणायचा आणि काकू लाटणं घेऊन मागे. टॅबमधला बाळ्या म्हणजे विमा एजंट झालेला बाळ्या. काकूंनी त्याला वड्या बिघडल्याचं सांगितलं, तर म्हणतो, "काही हरकत नाही आई, प्रयत्न सोडू नका." सोडू नका! सख्ख्या आईला अहोजाहो.

मग ओंकारनं मला गॅलरीत नेऊन समजावलं. आवाज एकीकडे तयार होतो, बोलणं दुसरीकडे. आवाजाला फारसं लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२३च्या जानेवारीतच तीन सेकंदांच्या नमुन्यावरून माणसाची नक्कल करून दाखवली होती. बोलायचं काय, ते मात्र यंत्र जुन्या चॅटवरून उचलतं. आणि चॅट कुणी दिलं? मीच. वर्षश्राद्धाला "काका, बाबांची आठवण म्हणून हवंय" म्हणाला, तेव्हा सहा व्हॉइस नोट आणि चॅट दिलं. देण्याआधी दोन रात्री बसून साफ केलं. शिव्या काढल्या, उधाऱ्या काढल्या, काकूंवर वैतागलेला होता ते सगळं काढलं. म्हणजे तो गुळगुळीत बाळ्या मी केलाय, यंत्राचा बिचाऱ्याचा काय दोष.

ओंकारकडे दाखले तयार होते. रहमाननं 'लाल सलाम' या तमिळ सिनेमाच्या गाण्यात बम्बा बाक्या आणि शाहुल हमीद या गेलेल्या गायकांचे आवाज आणले, घरच्यांना विचारून, त्यांना मोबदला देऊन. २०२४ची गोष्ट. म्हटलं, घरचे हो म्हणाले, गायकांना कोण विचारणार? मग त्यानं बीटल्स काढले, तो जुना इंग्लिश बँड. म्हटलं, ते निराळं. २०२३च्या त्यांच्या 'नाऊ अँड देन' गाण्यात त्यांच्यातल्या गेलेल्या जॉन लेननचा आवाज त्याच्याच घरगुती कॅसेटवरचा होता, यंत्रानं तो पियानोतून सोडवला एवढंच. गायला तोच होता. तसबिरीवरची धूळ पुसणं वेगळं आणि तसबिरीला बोलायला लावणं वेगळं. वाक्य मला बरं जमलं होतं, पण तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

कोर्टाचंही मी वाचलंय. परवानगीशिवाय आवाजाची नक्कल करू नका म्हणून मुंबई उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये अरिजित सिंगला आणि २०२५ मध्ये आशाताईंना संरक्षण दिलं. पण दावा लावताना ती जितीजागती, नावाजलेली माणसं होती, वकील लावू शकली. बाळ्याच्या वतीनं कोर्टात जाणार कोण? वारस ओंकारच.

आता त्याला माझ्याकडच्या उरलेल्या नोट हव्यात. "हसणं नाहीये काका, खोकणं नाही, चिडणं नाही. खोटं वाटतं." एकवीस आहेत. त्यातली एकोणिसावी तुला ठाऊक आहे. रात्री तीनची, हॉस्पिटलातली. तू ती ऐकून पुसून टाकलीस. मला नाही जमलं. तिच्यात तो पुरता आहे, खोकल्यासकट. आणि "हे म्हातारीला कळता कामा नये" हेही तिच्यातच आहे. ती दिली तर एखाद्या साडेसातला टॅब काय बोलून जाईल, त्याचा नेम नाही. नाही दिली तर काकू रोज मी इस्त्री केलेल्या बाळ्याशी बोलणार.

निघताना न राहवून विचारलं, "काकू, तुम्हाला हे खरं वाटतं?"

"मला काय वेड लागलंय? माझा बाळू गेला. पण साडेसातला गोळ्यांचं कुणीतरी विचारतं. तू विचारशील रोज?"

मी चप्पल शोधत राहिलो. महिन्यातून एकदा जातो मी, तेही रविवार मोडू नये म्हणून शनिवारी.

दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ओंकारला सांग, त्याला एखादी शिवी तरी शिकव."

आता बोल. परवापासून मी रोज सव्वासातला काकूंना फोन करायचं ठरवलंय. परवापासून म्हटलंय, उद्या बँकेचं काम आहे. लगेच हसू नकोस.

तुझा गुडघा काय म्हणतो? सईचा निकाल कळला, पेढे पोचले नाहीत. वहिनींना नमस्कार, घराला रंग लावून झाला असेल तर एक फोटो पाठवायला सांग.

दिवाळीआधी ये. नाशिकहून पंचवटी पकड, कल्याणला उतर, मी येतो. आणि येताना तालमीची ती नव्वदची कॅसेट आण. ओंकारचा फोन आला तर हरवली म्हणून सांग. मला तीस वर्षं तेच सांगतोयस, सराव आहे तुला. टेपरेकॉर्डर मी माळ्यावरून काढलाय, पट्टा बदलून घेतोय. काकूंना ऐकवू. दुसऱ्या बाजूला बाळ्या विंगेतून नाव घेऊन कचकचीत शिवी घालतो बघ, वाक्य विसरणाऱ्याला. कुणाचं नाव घेतो, ते काकूच सांगतील.

तुझा,
विन्या