लिराहून दत्ताला

लिरा, उत्तर युगांडा

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

चार महिन्यांनी लिहायला बसलोय. फोनवर आपण बोलतोच, पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही.

इथल्या मेकॅनिकांना हापसे-दुरुस्ती शिकवायला आलो, तर पहिल्याच दिवशी मला ज्या गावात नेलं, तिथे आंब्याखाली हापसा उभा होता. आपला इंडिया मार्क टू! सिमेंटात रोवलेले तेच तीन पाय, तोच भरीव चौकोनी दांडा, तीच साखळी. भोवती पिवळ्या जेरीकॅनची रांग. एक कॅन 20 लिटरचा, आणि तो डोक्यावर घेऊन जाणारी पोर जेमतेम दहा वर्षांची. मला एकदम परतूर-मंठ्याकडचे आपले उन्हाळे आठवले. इथे या हापशाला ‘यू-टू’ म्हणतात. तो मूळचा आमच्याकडचा, हे सांगितलं तर मेकॅनिक मंडळींना खरंच वाटेना.

मग त्यांना सगळं सांगितलं. घरगुती वापरासाठी केलेले ओतीव लोखंडाचे पंप अख्ख्या गावाने दिवसभर हाणले की कसे मोडायचे. 1972 च्या दुष्काळात बोअर घेतले तरी पाणी वर कसं येईना. आपल्या जालन्यातल्या मिशनवाल्यांनी पोलादी पंप कसा जोडला, सोलापूरच्या एका मेकॅनिकने तो आणखी कसा सुधारला, आणि त्यावरून युनिसेफने मद्रासच्या कारखान्यात मार्क टू कसा घडवून घेतला. त्यावर कुणाचं पेटंट नाही, म्हणून तर तो इथवर आला. हे ऐकून एक म्हातारा मेकॅनिक म्हणाला, “म्हणजे हा तुमच्यासारख्याच तहानलेल्या लोकांनी केलाय.” दत्ता, मला पुढे बोलवेना.

पण मुख्य गोष्ट पुढेच आहे. इथल्या बऱ्याच हापशांना सकाळी लाल पाणी येतं. चहा काळा पडतो, कपड्यांवर डाग पडतात. मग बायका हापसा सोडून पुन्हा पाणथळीचं पाणी भरतात आणि पोरं आजारी पडतात. मी पाहिलं आणि लगेच निदान केलं: देखभाल नाही. वॉशर वेळेवर बदलत नाहीत, साखळीला ग्रीस नाही. दोन दिवस त्यावरच शिकवलं. सगळे मुकाट्याने ऐकत होते.

तिसऱ्या दिवशी त्यांच्यातली एक मेकॅनिक मला पहाटे हापशावर घेऊन गेली. रात्रभर दांडा बांधून ठेवला होता. पहिलं पाणी तिने बाटलीत भरलं, ते विटकरी. मग अर्धा तास हापसून दुसरी बाटली भरली, ती जवळजवळ स्वच्छ. “लोखंड जमिनीतलं असतं तर दोन्ही बाटल्या सारख्याच असत्या. हे रात्रभर पाइपात साचलेलं पाणी आहे,” ती म्हणाली. आम्ही पाइप वर काढले. 45 मीटरवर सिलिंडर (पाणी वर ढकलणारा पंपाचा खालचा भाग), म्हणजे 3 मीटरचे 15 पाइप, सगळे माणसांच्या जोरावर ओढायचे. खालचे पाइप चाळणी झाले होते. गंज लागू नये म्हणून वर दिलेल्या जस्ताच्या थराचा मागमूस नाही.

आपल्याकडे काळ्या पाषाणातलं पाणी जड असतं, पाइपाला आतून पांढरा थर बसतो, म्हणून हे आपल्याला कधी दिसलंच नाही. इथलं पाणी आम्लधर्मी आहे, ते असे जस्ताचा थर दिलेले गॅल्व्हनाइज पाइप खाऊन टाकतं. वॉशर कितीही बदला, लाल पाणी थांबणार नाही. पाइपच स्टेनलेस स्टीलचे किंवा पीव्हीसीचे हवेत. पीव्हीसी पाइपांवर चालणारा ‘यू-थ्री-एम’ हापसा इथे आहेही, आणि त्यात सगळे पाइप न काढता पिस्टन वर घेता येतो. आयुष्यभर जे पुरलं ते ज्ञान मी इथे पेटीत घालून आणलं, पण त्या पेटीत इथला खडक नव्हता.

तेव्हापासून शिकवायची रीत बदलली. आधी बाटल्या, मग बोलणं. पूर्वी एका संस्थेने याच पाण्यावर जाडजूड अहवाल केला होता. तो कपाटात आहे आणि मेकॅनिकांपैकी कुणी पाहिलेला नाही. त्याचा मला फार राग आला. ज्याच्या हातात पाना आहे त्याच्यापर्यंत जे पोचत नाही, त्याला देवाणघेवाण कशी म्हणायची? आता आम्ही वही केलीय. गाव, खोली, पाण्याची आम्लता, पाइप कसले, किती वर्षं टिकले. ती इथल्या लांगो भाषेत लिहितात, मेकॅनिकच लिहितात आणि त्यांच्याकडेच राहते. मी फक्त रकाने आखून दिले.

तू निवृत्त होतोयस ना मार्चमध्ये? तीन महिने ये. माणसांना बोलतं करायची तुझी हातोटी माझ्याकडे नाही. वहिनींनाही आण, इथे तीळ-शेंगदाण्याचं कूट घातलेल्या भाज्या असतात, त्यांना आवडतील. वॉशर वगैरे काही आणू नकोस. आपल्या हापसा-दुरुस्ती पथकावरची तुझी ती जुनी वही मात्र आण. मेकॅनिकांना ती बघायचीय, आणि आपल्याकडे पाइप किती वर्षं टिकले याचा रकाना त्यांनी आत्ताच मोकळा ठेवलाय.

तुझा,
विलास