'दिला' नव्हे, मिळवला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महिला मताधिकारावरच्या आपल्या पुरवणीत न्यूझीलंडसाठी एकच ओळ होती: १८९३ साली ब्रिटिशांच्या या वसाहतीने स्त्रियांना मताचा हक्क 'दिला'. त्या एका शब्दामुळे राहवले नाही, म्हणून हे पत्र.

केट शेपर्ड आणि तिच्या सोबतिणी दारूविरोधी चळवळीतल्या होत्या. दारूने घरे बुडत होती आणि कायदे करणाऱ्यांना बायकांच्या मताची गरजच नव्हती, हे त्यांनी ओळखले. म्हणून मताचा हक्क मागणाऱ्या संसदेकडच्या अर्जावर सह्या घ्यायला सुरुवात झाली. १८९१ मध्ये नऊ हजारांवर सह्या जमल्या, पुढच्या वर्षी वीस हजारांच्या आसपास. तरी काही झाले नाही. १८९३ मध्ये सह्या जवळपास ३२ हजारांवर गेल्या. तिथल्या गोऱ्या प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे चौथा हिस्सा! त्यातले पाचशेहून अधिक कागद एकाला एक चिकटवून २७० मीटरची पट्टी झाली. ती झाडूच्या दांड्याच्या तुकड्यावर गुंडाळून संसदेत नेली. सर जॉन हॉल यांनी ती सभागृहात उलगडली, तेव्हा दांडा जाऊन समोरच्या भिंतीवर आदळला. तिथे असते तर, असे फार वाटते.

तरीही वरच्या सभागृहात विधेयक निसटते मंजूर झाले, २० विरुद्ध १८. विधेयकाला विरोध असलेल्या पंतप्रधान सेडन यांनी बाजूच्या एका सदस्याचे मत विरोधात फिरवले, त्यामुळे संतापलेल्या दोघा विरोधकांनी बाजूने मत दिले, म्हणून! १९ सप्टेंबरला गव्हर्नरची सही झाली आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत बायका मतदानाला गेल्या. कायद्यात तिथल्या मूळ रहिवासी माओरी समाजातल्या स्त्रियाही होत्या. त्याच वर्षी मेरी मांगाकाहिया हिने माओरींच्या स्वतःच्या संसदेत जाऊन मतदान आणि सभासदत्व असे दोन्ही हक्क मागितले होते, कारण जमिनी बायकांच्याही मालकीच्या होत्या. निवडणूक लढवण्याचा हक्क मात्र १९१९ उजाडेपर्यंत कुठल्याच स्त्रीला मिळाला नाही.

हे मला इतके जवळचे का वाटते, ते सांगते. गावातले दारूचे दुकान बंद करायच्या 'आडव्या बाटली'च्या मतदानासाठी आमच्या गावात २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या लागत होत्या. तोच चौथा हिस्सा. मी दारोदार फिरले. "ह्यांना विचारून सांगते," हे उंबऱ्यावरच ऐकू यायचे. काहींनी मागच्या दाराने येऊन सही केली. पहिला अर्ज सह्या जुळत नाहीत म्हणून परत आला, आम्ही पुन्हा फिरलो.

येत्या सप्टेंबरमध्ये त्या सह्यांच्या पट्टीचे छायाचित्र आपल्या अंकात मोठे छापावे, ही विनंती. वेलिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ती आजही पाहायला मिळते. शेजारच्या गावातल्या बायका सध्या सह्या गोळा करत आहेत; तो अंक मी त्यांना नेऊन देईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जुन्नर तालुका