पडद्यामागे न नेताच पडद्यामागच्या फेरीचे पैसे घेतल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: रॉयल ऑपेरा हाऊस, मुंबई येथील कौटुंबिक फेरीचा पूर्ण परतावा

तुमच्या सहल कंपनीच्या ग्राहक सेवेचा फोन आत्ताच ठेवला. पॅकेजमध्ये काय काय होतं ते तुम्हीच छापलंय, मी सांगायला नको: विंगा, रंगपट, पडद्याची यंत्रणा. माणशी 1,800 रुपये, लहानांनाही सवलत नाही. बेळगावहून रात्रभर स्लीपर बसने कुटुंब घेऊन पोचलो, तर दारावरच्या यादीत आमचं नावच नाही. तुमच्या कंपनीने परवानगीच मागितली नव्हती. थिएटरवाल्यांबद्दल तक्रार नाही, त्यांनी सभ्यपणे सांगितलं.

मग तुमच्या गाइडने फुटपाथवरच भाषण सुरू केलं. 1911 साली पाचव्या जॉर्जच्या हस्ते उद्घाटन, 1993 ला बंद, 2016 ला पुन्हा सुरू. अहो, हे आमच्या वडिलांनी बसमध्येच नातवंडांना ऐकवलं होतं. उमेदीत त्यांनी बेळगावात हौशी नाटकांचे पडदे ओढलेत. अण्णासाहेब किर्लोस्कर आमच्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, हे ते शेजारच्या सीटवरच्या अनोळखी माणसालाही सांगतात. त्यांना एवढंच बघायचं होतं, की जिथं बालगंधर्व उभे राहिले तिथला पडदा आता दोरीवर चालतो की मोटरवर. गाइडने खिशातून मोबाइल काढून व्हिडिओ लावला. उन्हात काही दिसेना म्हणून वर फाइल धरली. "बघा काका, आत हेच आहे." वडील बघत राहिले आणि म्हणाले, "हे ते न्हवंच की. ह्यात बाल्कनी कुठं हाय?" व्हिडिओ दुसऱ्याच कुठल्या तरी नाट्यगृहाचा होता!

आता आजचा फोन. सगळा सांगतो, कारण तुमच्याकडे 'गुणवत्तेसाठी' तो रेकॉर्ड झालाच असेल.

"सर, नाटकाचं तिकीट काढलं असतं तर स्टेज समोरूनही दिसलं असतं."

मी म्हटलं, तुम्ही मागून दाखवायचे पैसे घेतलेत.

"मागे काय असतं सर, अंधार!"

मग बराच वेळ कीबोर्डची टकटक. मला वाटलं, आता काहीतरी होतंय.

"पत्ता कर्नाटकातला दिसतोय. पण मराठी छान बोलता हं तुम्ही!"

मी गप्प. बेळगावच्या माणसाला हे ऐकवायचं, तेही त्याचे पैसे बुडवून! वर, "परताव्यासाठी हुबळी ऑफिसला बोला." हुबळी म्हणतं, बुकिंग मुंबईचं. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. माझा परतावाही त्याच फायलीत लावलाय का? शेवटी काय, तर पुढच्या सहलीवर सवलतीचं कूपन. पुढची सहल!

पुन्हा सांगतो: म्हाताऱ्या माणसाला फुटपाथवर उभं करून भलत्याच थिएटरचा व्हिडिओ दाखवलात. तुमच्याच बरोबर आम्ही अष्टविनायक केलं होतं, तेव्हा चहासुद्धा वेळेवर यायचा. आता नुसती जाहिरात उरली आहे.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे मुंबई नाही, हुबळी नाही, बेळगाव. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम आणि बसभाडं खात्यावर जमा करा. कूपन नको. वडिलांची माफी व्यवस्थापकाने स्वतः फोन करून मागावी. मराठीत मागा, तुम्हालाही छान येत असेल.

तुमचा (आजवरचा) ग्राहक,
शहापूर, बेळगाव